आंब्याला थर्मामीटर आहे, दर्याला नाही

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण बोटी वर ओढायचे दिवस जवळ आलेत आणि हे काम करायचं तर याच दोन महिन्यांत करता येतं, म्हणून आत्ताच लिहितोय.

एक साधी गोष्ट बघा. आपल्या सिंधुदुर्गात आणि वर रत्नागिरीत आंबा-काजूचा हवामानावर आधारित फळपीक विमा आहे. महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर तापमान किती चढलं, किती उतरलं, अवेळी पाऊस किती पडला, यावरून बागायतदाराला भरपाई मिळते. त्या केंद्रांबद्दल तक्रारी आहेतच. केंद्र खाली आणि बाग डोंगरावर, मग आकडा जुळणार कसा, हे भांडण दरवर्षीचं. पण भांडायला निदान एक आकडा आहे. बागायतदार टेबलावर हात आपटून म्हणू शकतो, की तुमचा आकडा चुकीचा आहे.

मच्छीमार काय म्हणणार? त्याच्याकडे चुकीचाही आकडा नाही.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा द्यायचा निर्णय घेतला. चांगलंच झालं. आता शेतकऱ्यासारखी वीज, शेतकऱ्यासारखं कर्ज, शेतकऱ्यासारखा विमा, अशी चर्चा प्रत्येक बंदरावर आहे. पण शेतकऱ्याचा दुष्काळ ठरतो तो पर्जन्यमापकाने. ‘मत्स्यदुष्काळ जाहीर करा’ ही आपली मागणी कितीतरी वर्षं चाललीय. तो दुष्काळ मोजायचा कशाने?

दोन वर्षांपूर्वी आमच्या गावातले आठ-दहा जण एका सरकारी कार्यालयात निवेदन घेऊन गेले होते. मीही बरोबर होतो. पाणी बदललंय, मासा वेळेवर येत नाही, सप्टेंबरात जाळी रिकामी येतात, झार मात्र भरभरून, असं सगळं सांगून झालं. समोरच्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं, चहा दिला आणि विचारलं, ‘‘तुमच्याकडे काही शास्त्रीय नोंद आहे का?’’ त्यांचा प्रश्न उर्मट नव्हता. बरोबरच होता. आमच्यापैकी कोणाकडेच उत्तर नव्हतं.

बाहेर पडल्यावर मामा एवढंच म्हणाला, ‘‘आमका म्हायत आसा रे. पण त्येंका कागद व्हयो.’’

तो कागद कसा तयार करायचा, याबद्दल ही पोस्ट आहे.

मी मच्छीमार घरातला, पण जाळ्यावर गेलेलो नाही. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि गेली वीस वर्षं या किनाऱ्यावर फिशफाइंडर, जीपीएस, वायरलेस सेट दुरुस्त करतो. त्यामुळे गेल्या पावसाळ्यात मामाच्या फायबर बोटीवर पाण्याचं तापमान मोजणारा सेन्सर बसवला. बातमी गावात पसरायला अर्धा दिवस पुरला. शेजारचे तांडेल बघायला आले आणि पहिला प्रश्न, ‘‘दर्याक ताप इलो की काय रे, थर्मामीटर लावतंस तो?’’

म्हटलं, आलाय की नाही तेच बघायचंय.

आता कामाची गोष्ट. ज्यांच्या बोटीवर फिशफाइंडर आहे त्यांनी आधी आपल्या स्क्रीनचा कोपरा बघा. पुष्कळ ट्रान्सड्यूसरमध्ये तापमानाचा सेन्सर आतच असतो. खोलीच्या आकड्याशेजारी एक छोटा आकडा दिसतो. कधी तो फॅरनहाइटमध्ये असतो, ८२, ८४ असा, त्यामुळे लोकांना तो काय आहे ते कळतच नाही. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या कितीतरी सेटमध्ये हा आकडा व्यवस्थित चालू होता आणि मालकाने तो कधी वाचला नव्हता. म्हणजे आपल्यापैकी अनेकांकडे थर्मामीटर आहे, वही नाही.

ज्यांच्याकडे नाही त्यांना तो वेगळा बसवावा लागेल. सेन्सर स्वस्त आहे. स्टीलच्या बारीक नळीतला, वॉटरप्रूफ वायरचा डिजिटल सेन्सर बाजारात दीड-दोनशे रुपयांना मिळतो. त्याला जोडायचं छोटं कार्ड, दर दहा मिनिटांनी आकडा लिहून ठेवणारं मेमरी कार्ड, बोटीच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवरून कमी व्होल्टेज देणारा कन्व्हर्टर, पाणी न शिरणारा डबा, असं सगळं मिळून मामाच्या बोटीवरचा खर्च साडेतीन हजारांच्या आत बसला. माझी मजुरी अर्थात नाही धरली. मामीने दोन दिवस जेवायला घातलं.

पैशापेक्षा जागा महत्त्वाची. तिथेच सगळा खेळ आहे.

पहिली गोष्ट, इंजिनाला थंड करून बाहेर पडणारं गरम पाणी. ते ज्या बाजूने पडतं त्या बाजूला सेन्सर लावला तर तुम्ही दर्या मोजत नाही, इंजिन मोजता. म्हणून सेन्सर विरुद्ध बाजूला.

दुसरी गोष्ट, जाळं. गिलनेटच्या बोटीवर जाळं ज्या अंगाने ओढतात त्या अंगाला काहीही बाहेर आलेलं नको. एकदा जाळं अडकलं की सेन्सर तुटेल, जाळं फाटेल आणि तुमचं नातं संपेल.

तिसरी गोष्ट, पाण्याची रेषा. बर्फ, डिझेल, मासळी भरलेली बोट खाली बसते, रिकामी बोट वर येते. रिकाम्या बोटीतसुद्धा सेन्सर पाण्याखालीच राहिला पाहिजे, नाहीतर तो हवेचं तापमान लिहीत बसेल. पण अगदी बुडालाही लावता येत नाही. आपल्याकडे बोट वाळूवर ओढतात. पठाणाच्या जवळ लावलेली कुठलीही वस्तू पहिल्याच ओढणीत जाते.

चौथी गोष्ट, बुडबुडे. पंख्याच्या अगदी जवळ फेसाळ पाणी असतं, तिथे आकडा नाचत राहतो.

या चार अटी लावल्या की आमच्या बोटीवर जागा एकच उरली. मागच्या सपाट फळीवर, पंख्यापासून लांब, जाळ्याच्या विरुद्ध कोपऱ्यात, रिकाम्या बोटीच्या पाणरेषेच्या वीतभर खाली.

मग भोकाचा प्रश्न. ट्रान्सड्यूसरवाले तळातून आरपार बसवतात. ती पद्धत चांगली आहे, पण मामा हातात कोयता असल्यासारखा उभा राहिला. ‘‘बोटीक भोक मारूक दिवचंय नाय हां!’’ मलाही ते पटलं. पाण्याखाली जितकी भोकं कमी तितकी झोप चांगली. आम्ही फायबरचाच एक जाड तुकडा रेझिनने फळीवर चिकटवला आणि सेन्सरची पट्टी त्या तुकड्यात स्क्रूने बसवली. स्क्रू तुकड्यातच संपतात, बोटीच्या अंगाला लागत नाहीत. वायर बाहेरून वर नेली आणि पाणरेषेच्या बरीच वर, रबरी ग्लँडमधून आत घेतली. आत घेण्याआधी वायरला खाली एक वळसा दिला, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी तिथेच गळून पडतं, डब्यात जात नाही.

ज्यांना आरपारच बसवायचंय त्यांनी तीन गोष्टी पाळा. फायबरला भोक पाडल्यावर कापलेली कड रेझिनने बंद करा, ती उघडी राहिली तर पाणी आत झिरपून फायबरचे पापुद्रे सुटतात. लाकडी बोट असेल तर प्लास्टिकचं फिटिंग घालू नका. लाकूड पाण्यात फुगतं आणि प्लास्टिक चिरतं. तिथे काशाचं, म्हणजे ब्राँझचं फिटिंग घाला. आणि बाथरूमचा सिलिकॉन वापरू नका. बोटीसाठी पाण्याखाली टिकणारा वेगळा सीलंट मिळतो, तोच वापरा.

एक पळवाट बरेच जण विचारतात. सेन्सर बोटीच्या आतून तळाला चिकटवला तर? खोली मोजायला ते चालतं, कारण आवाज फायबरमधून जातो. तापमानाला चालत नाही. आतून लावलेला सेन्सर फायबरचं आणि बोटीत साचलेल्या पाण्याचं तापमान सांगेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथेच लोक कंटाळा करतात. सेन्सर खरं बोलतोय कशावरून?

मी तीन सेन्सर आणले होते. एकाच बादलीत तिन्ही सोडले तर तीन वेगळे आकडे आले. यात दुकानदाराची फसवणूक नाही. कंपनीच्याच कागदावर लिहिलेलं असतं, अर्धा अंश इकडे-तिकडे. घरच्या फ्रिजसाठी अर्धा अंश काहीच नाही. दर्यासाठी? पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या अभ्यासानुसार १९५० ते २०२० या काळात हिंदी महासागर दर दशकाला सुमारे ०.१२ अंशाने तापला. हिशोब तुम्हीच करा. अर्धा अंश म्हणजे चाळीस वर्षांचा बदल. तो सेन्सरच्या चुकीतच बुडून गेला तर आपल्या नोंदीला कोण विचारणार?

म्हणून आम्ही दोन कसोट्या घेतल्या, दोन्ही घरच्या. पहिली बर्फाची. थर्मासमध्ये बारीक फोडलेला बर्फ आणि थोडं पाणी, ढवळून दहा मिनिटं ठेवलं की ते शून्य अंशावर स्थिर होतं. बर्फ गोड्या पाण्याचा आणि स्वच्छ हवा. मासळीच्या खोक्यातला मीठ लागलेला बर्फ शून्याच्या खाली जातो, तो चालणार नाही. दुसरी कसोटी तापाच्या थर्मामीटरची. माणसाचा ताप बघायचा डिजिटल थर्मामीटर ३५ ते ४२ अंशांत चांगला अचूक असतो, चूक साधारण एक दशांश. कोमट पाण्यात तो आणि सेन्सर एकत्र धरून ३७-३८ च्या आसपास दोघांचे आकडे ताडून बघितले. आपला दर्या या दोन टोकांच्या मधे असतो. प्रत्येक सेन्सरला किती अंश वाढवायचे-कमी करायचे ते डब्यावर रंगाने लिहून ठेवलं. दर दोन महिन्यांनी पुन्हा तीच कसोटी. थर्मामीटर बघून शेजारचे तांडेल म्हणाले, ‘‘सांगलंय नाय मी, ताप बघतत!’’

आणि नोंद करताना फक्त आकडा लिहून भागत नाही. तो कसा घेतला तेही लिहायचं. हे मी पांडित्य म्हणून सांगत नाही, जगाने यात मार खाल्लाय. समुद्राच्या तापमानाच्या जुन्या जागतिक नोंदींत १९४५ च्या सुमाराला एकदम घसरण दिसते. वर्षानुवर्षं लोक विचार करत होते की समुद्र अचानक थंड कसा झाला. २००८ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं की त्यामागचं मोठं कारण मोजणारी जहाजं बदलली हे होतं. युद्धकाळात बहुतेक नोंदी अमेरिकन जहाजांच्या होत्या आणि ती इंजिनात घेतलेल्या पाण्याचं तापमान लिहीत, जे थोडं गरम येतं. युद्ध संपल्यावर ब्रिटिश जहाजांच्या नोंदी वाढल्या आणि त्यांच्यात बादलीने पाणी काढून मोजायची पद्धत होती. बादली वर येईपर्यंत वाऱ्याने थंड होते. दर्या होता तिथेच होता, मोजणारा हात बदलला होता.

तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर लिहा, बोट कुठली, सेन्सर किती खोल, इंजिन चालू होतं की बंद. शंभर वर्षांनी वाचणाऱ्याला शिव्या घालाव्या लागू नयेत.

आता हंगामात काय दिसलं ते सांगतो.

ऑगस्टमध्ये बोट पाण्यात गेली. बोटीवरचा सेन्सर रोज सत्तावीस-अठ्ठावीसच्या आसपास दाखवत राहिला. पहिले पंधरा दिवस सगळे कौतुकाने बघत, नंतर कोणी बघेना. मामा म्हणाला, ‘‘ह्येच्यापेक्षा माजो पाय बरो सांगता.’’ त्याचं म्हणणं असं की वरचं पाणी काहीच सांगत नाही, जाळं ओढताना दोर हाताला किती गार लागतो त्यावर सगळं आहे.

मग आम्ही तिघांनी वर्गणी काढून एक छोटा, बंद डबीतला लॉगर घेतला. अंगठ्याएवढा, आत स्वतःची बॅटरी. तो महाग पडला, हे खरं. तो जाळ्याच्या खालच्या दोराला, शिशाच्या बाजूला बांधला. जाळं तासन्‌तास पाण्यात असतं, त्यामुळे त्याला स्थिर व्हायला भरपूर वेळ मिळतो.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात चौदा वाव पाण्यात जाळं टाकलं होतं. बोटीवरचा आकडा २८.१. जाळ्याच्या तळाचा २२.६.

साडेपाच अंशांचा फरक, पंचवीस मीटरमध्ये! मी सेन्सर बिघडला म्हणून पुन्हा बर्फात घातला. बिघडला नव्हता. मामा हसला. त्याला दोराने हे पन्नास वर्षं सांगितलंय.

शास्त्रज्ञांनाही हे माहीत आहे. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने गोव्यात कांदोळीच्या समोर १९९७ पासून एका ठरावीक जागी पाण्याची नोंद ठेवलीय. पावसाळ्यात खोल समुद्रातलं थंड पाणी तळातून किनाऱ्याकडे सरकत येतं. वर नद्यांचं गोडं, हलकं पाणी झाकणासारखं पसरलेलं असतं, त्यामुळे खालचं आणि वरचं पाणी मिसळत नाही. तळाच्या त्या पाण्यात प्राणवायू कमी असतो, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तो कधी कधी जवळपास संपतो. मग तळाचा मासा तिथे थांबत नाही. वर येतो, किनाऱ्याकडे सरकतो किंवा निघून जातो. आपली सप्टेंबरातली रिकामी जाळी नुसती नशिबाची गोष्ट नाही.

हे दरवर्षीचंच चक्र आहे. प्रश्न असा की ते लांबतंय का, लवकर सुरू होतंय का, आपल्या गावासमोर किती जवळ येतंय. कांदोळीची नोंद कांदोळीची. ती आचऱ्याला, देवगडला, विजयदुर्गला जशीच्या तशी लागू होत नाही.

उपग्रह आहेत की, असं कोणी म्हणेल. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेकडून मासे कुठे मिळण्याची शक्यता आहे त्याचा सल्ला मराठीतही येतो, तो उपग्रहाने टिपलेल्या तापमानावर आणि पाण्यातल्या हिरव्या द्रव्यावर बेतलेला असतो. उपयोगी आहे, मीच अनेकांना मोबाइलवर लावून दिलाय. पण उपग्रहाची ही नजर ढगातून जात नाही. ढगातून बघू शकणारे दुसऱ्या प्रकारचे उपग्रह किनाऱ्याच्या जवळ गोंधळतात, जमीन आणि पाणी एकत्र वाचतात. आणि कुठलाही उपग्रह दर्याचं फक्त कातडं बघतो. खाली चौदा वावांवर काय चाललंय ते त्याला दिसत नाही. जगभर समुद्रात सोडलेले हजारो तरंगते आर्गो फ्लोट दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारतात, पण ते खोल समुद्रासाठी. आपल्या उथळ पाण्यात त्यांचं काम नाही. मोजके बॉय आहेत, तेही ठरावीक जागी.

म्हणजे किनाऱ्यापासून दहा-पंधरा मैलांच्या आत, पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर लगेच, तळाच्या पाण्यात रोज जाणारी वस्तू कोणती? आपलं जाळं. दुसरं कोणी तिथे रोज जात नाही.

परदेशात ही गोष्ट लोकांनी ओळखली. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर २००१ पासून शेवंडाच्या पिंजऱ्यांना मच्छीमारच तापमानाचे सेन्सर बांधतात आणि शास्त्रज्ञ ते आकडे वापरतात. इटलीत एड्रियाटिक समुद्रात २००३ पासून, न्यूझीलंडमध्ये अलीकडे मासेमारी बोटींवर हेच सुरू झालं. तिथला मच्छीमार आपल्यापेक्षा शहाणा नाही. त्याला कोणीतरी विचारलं, एवढाच फरक.

आता दोन आक्षेप. दोन्ही बंदरावर तोंडावर ऐकलेत, म्हणून उत्तर देतो.

पहिला: ‘‘आकडे दिले की आमची जागाही कळणार.’’ हा आक्षेप शंभर टक्के रास्त आहे. चांगली जागा ही तांडेलाची इस्टेट असते. ट्रान्सपाँडर बसवायचे म्हटल्यावर हाच संशय होता. माझं म्हणणं, मेमरी कार्ड बोटमालकाचं. एकत्र करायचं तर सोसायटीत, आणि बाहेर देताना अचूक जागा द्यायचीच नाही. ‘अमुक बंदराच्या समोर, बारा ते सोळा वाव’ एवढं पुरे. दर्याचा ताप कळायला तुमचं जाळं कुठल्या खडकाशेजारी होतं ते कळायची गरज नाही. आणि हा निर्णय सोसायटीच्या सभेत ठराव करून लिहून ठेवा. तोंडी नको.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. ‘‘तू तापमान-तापमान करतोस, उद्या सरकार म्हणेल हवामान बदलामुळे मासा गेला. एलईडीवाले आणि पर्ससीनवाले सुटले!’’

हे ऐकून मी दोन दिवस गप्प होतो. कारण भीती खरी आहे. राज्यात पर्ससीनवर २०१६ पासून निर्बंध आहेत, एलईडीच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली, आणि रात्री किनाऱ्यावर उभं राहिलं की लांबवर काय झगमगतं ते आपण सगळे बघतो. ‘हवामान बदल’ हा शब्द कोणाच्याही डोक्यावर खापर फोडत नाही, म्हणून तो सगळ्यांना सोयीचा आहे.

पण विचार करा, नोंद नसेल तर हा शब्द जास्त सोपा होतो की कमी? केरळात तारली २०१२ साली जवळपास चार लाख टन मिळाली आणि २०२१ साली साडेतीन हजार टनांच्याही आत आली. तिथे दर्या किती बदलला आणि उपसा किती झाला यावर वाद होऊ शकला, कारण कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेकडे वर्षानुवर्षांचे आकडे होते. आपल्याकडे वही असेल तर एखाद्या वर्षी ती सांगेल की पाणी नेहमीसारखंच होतं, तरी मासा गेला. मग साहेबांना हवामानाकडे बोट दाखवता येणार नाही, समोरच्या दिव्यांकडे बघावं लागेल. आणि एखाद्या वर्षी ती सांगेल की पाणी खरंच वेगळं होतं. मग भरपाई मागायला तोंड असेल. दोन्ही बाजूंनी वही आपल्याच कामाची आहे. वही नसेल तर दोन्ही बाजूंनी दुसऱ्याचाच शब्द खरा.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो, एका बोटीच्या एका हंगामावरून काहीही सिद्ध होत नाही. त्या सप्टेंबरात तळाचा आकडा बघून मामाने जाळं वर घेतलं, पाच-सहा वावांवर तरंगतं ठेवलं, आणि त्या दिवशी बांगडा बरा मिळाला. दुसऱ्या दिवशी तेच केलं आणि काही मिळालं नाही. सेन्सरने मासा मिळतो असं मी कोणाला सांगणार नाही, आणि असं सांगून कोणी तुम्हाला महागडं यंत्र विकायला आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. सेन्सरने मिळते ती नोंद. दहा बोटी, दहा वर्षं, एकच पद्धत. तेव्हा तिचा पुरावा होतो.

तर आता करायचं काय?

३१ जुलैपर्यंत बंदी आहे. बोटी वर असतील, शाकारलेल्या असतील. फिशफाइंडर असलेल्यांनी तापमानाचा आकडा चालू आहे का बघा, सेल्सिअसवर करा, बर्फाची कसोटी घ्या. ट्रान्सड्यूसरच्या तोंडावर बोटीचा साधा रंग मारू नका, काही रंग प्लास्टिक खातात, आणि शेवाळं-शिंपले चढले असतील तर पत्र्याने खरवडू नका, ओल्या फडक्याने काढा. नवीन बसवायचा असेल तर वरच्या चार अटी बघून जागा ठरवा. ज्यांना यातलं काहीच जमणार नाही त्यांनी दोरीला बांधलेली बाटली आणि चांगला थर्मामीटर घेतला तरी चालेल, फक्त रोज, एकाच पद्धतीने, आणि लिहून.

वहीत सहाच रकाने पुरेत: तारीख, वेळ, किती वाव, वरचं तापमान, तळाचं तापमान, काय मिळालं. उधाण की भांग, वारा मतलई की उपरचा, हे तांडेलाला वाटलं तर शेरा म्हणून लिहा. ते शेरे पुढे सोन्याच्या भावाचे ठरतील, कारण ते कुठल्याच यंत्रात नाहीत.

सोसायट्यांना विनंती, प्रत्येकीने निदान पाच बोटी निवडा आणि तळाच्या लॉगरचा खर्च सोसायटीने उचला. लोकप्रतिनिधींना विनंती, जिल्हा नियोजनाच्या निधीतून बंदरावर कमानी आणि सेल्फी पॉइंट होतात, त्यातला एक कमी करून प्रत्येक बंदराला चार लॉगर द्या. आणि कृषीचा दर्जा दिलाच आहे, तर शेतकऱ्याच्या मंडळाला जसं हवामान केंद्र, तसं प्रत्येक मासेमारी बंदरासमोर पाण्याच्या तापमानाची आणि प्राणवायूची सरकारी नोंद हवी, ही मागणी पुढच्या निवेदनात पहिल्या क्रमांकावर लिहा. आपली वही आणि त्यांची नोंद शेजारी-शेजारी ठेवून बघता आली पाहिजे.

बसवण्यात कोणाला अडचण असेल तर बोट कुठली, फायबर की लाकडी, आणि इंजिनाचं पाणी कुठल्या बाजूला पडतं, एवढं लिहून विचारा. जमेल तसं सांगेन. जवळच्या गावात असाल तर येऊनही बघेन, बंदीत मला तसंही काम कमीच असतं.

शेअर करायला विचारायची गरज नाही. तांडेलांपर्यंत पोचवा. ज्यांना मोबाइलवर वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.